चेंबर फुटला! आता?

स्पीडब्रेकरवरून जाताना गाडीखालून 'खडाक्' आवाज आला की बहुतेक वेळा मार बसतो तो चेंबरला. पुस्तकात ऑइल पॅन किंवा संप, गॅरेजमध्ये मात्र चेंबर. पत्र्याचा असेल तर चेपतो, ॲल्युमिनियमचा असेल तर तडकतो. गळती दिसली की सगळेच धावपळ करतात, पण नुसता चेपलेला चेंबर जास्त फसवा! ऑइल पंपाची जाळी तळापासून जेमतेम काही मिलिमीटर वर असते. तळ आत दबला की जाळीचं तोंड बंद. डिपस्टिकवर ऑइल पुरेसं दिसतं आणि बेअरिंग मात्र कोरडी! म्हणून ऑइलचा लाल दिवा लागला तर 'हळूहळू गॅरेज गाठू' म्हणायचं नाही. इंजिन तिथल्या तिथे बंद, गाडी टोचन करून न्यायची.

शिकायला मारुती ८०० उत्तम. उत्पादन २०१४ साली थांबलं, पण तीन सिलिंडरचं हे ७९६ सीसीचं इंजिन कळायला सोपं आहे. गाडी सपाट जागी, बॅटरीची अर्थ काढलेली, आणि खाली घोड्या लावलेल्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. ऑइल कोमट असताना काढा, उकळतं नको. आड येणारा सायलेन्सरचा पाइप वगैरे सोडवा, मग दहाच्या पान्याने बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून ढिले करा. शेवटचे दोन-तीन बोल्ट अर्धवट ठेवा, नाहीतर चेंबर थेट छातीवर! चिकटून बसला असेल तर रबरी हातोडीने कोपऱ्यावर ठोका. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. ब्लॉकच्या फेसवर ओरखडा पडला की तिथून कायम झिरपणार.

निघालेल्या चेंबरचा तळ बोटाने चाचपून बघा. चकाकणारा चुरा मिळाला तर लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंड. न चिकटणारा चुरा बेअरिंगचा असण्याची दाट शक्यता, म्हणजे काम वाढलं! दुधाळ गाळ म्हणजे ऑइलमध्ये पाणी.

दोन्ही फेस स्वच्छ आणि पूर्ण कोरडे करा. सिलिकॉन लावायचं असेल तर बारीक, सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं तर आत निघालेले तुकडे त्याच जाळीत जाऊन बसतात.

आता खरी गंमत टॉर्कची. हे बोल्ट सहा मिलिमीटरचे, टॉर्क साधारण १० न्यूटन-मीटर (नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या). टी = के डी एफ हे आपलं सूत्र, के ०.२ धरा. एका बोल्टवर सुमारे ८३०० न्यूटन ताण, म्हणजे साडेआठशे किलोच्या आसपास! ३० सेंटिमीटरच्या पान्यावर दहा किलोचा जोर दिला की टॉर्क तिप्पट होतो. मग बोल्ट तुटतो किंवा आटे जातात. पत्र्याची कडही भोकांपाशी फुगते आणि नवं पॅकिंगही गळतं. म्हणून आखूड पाना, मधून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत.

ड्रेन बोल्टला नवा वॉशर, नवा फिल्टर, ट्यूबवर लिहिलेला वेळ सिलिकॉन सुकू द्या, मगच ऑइल भरा. स्टार्ट केल्यावर काही सेकंदांत दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. विझला तर पाच मिनिटं चालू ठेवून, खाली पुठ्ठा टाकून डाग पडतो का बघा.