बोरीच्या फांदीसोबत घरी

१५ एप्रिल १९९६ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन शहरात, वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या 'सत्य आणि समेट आयोगा'ची पहिली सुनावणी सुरू झाली, ती मेणबत्ती लावून आणि प्रार्थना म्हणून. अध्यक्ष होते आर्चबिशप डेस्मंड टूटू. सरकारी आयोगात प्रार्थना कशाला, हा आक्षेप चुकीचा नव्हता. पण लेक गमावलेल्या आईला कायद्याच्या भाषेपेक्षा प्रार्थनाच जवळची वाटणार.

सुमारे २१ हजार पीडितांच्या जबान्या झाल्या. अत्याचार करणाऱ्यांकडून माफीसाठी सात हजारांवर अर्ज आले, ती मिळाली थोड्यांनाच. कित्येक घरांची मागणी मात्र साधी होती: निदान हाडे तरी द्या.

झुलू लोकांच्या श्रद्धेनुसार घराबाहेर बळी गेलेल्याचा आत्मा तिथेच अडकून राहतो. मग घरातला जाणता माणूस बोरीच्या कुळातल्या 'उमलाह्लांकोसी' या काटेरी झाडाची फांदी घेऊन त्या जागी जातो, मृताला नावाने हाक मारतो आणि त्याला घेऊन निघतो. आता नदी ओलांडतोय, आता गाडीत बसतोय, असे वाटेत त्याला सांगत राहतो. काही जण तर त्याच्यासाठी वेगळे भाडे भरतात!

प्रिटोरियाच्या फ्रीडम पार्कमध्ये 'इसिविवाने' हे स्वातंत्र्यासाठी बळी गेलेल्यांच्या आत्म्यांचे विश्रांतिस्थान आहे. तिथे देशाच्या नऊही प्रांतांतून आणलेल्या शिळा आहेत. आत जाताना पादत्राणे काढायची, निघताना हात धुवायचे. सप्टेंबर २०२४ मध्ये झांबिया आणि झिंबाब्वेतून आणलेल्या ४२ स्वातंत्र्यसैनिकांच्या अवशेषांचे स्वागत याच फ्रीडम पार्कमध्ये झाले.