ग्रामसभेत गावाचा आराखडा पडद्यावर दाखवायचाय? मोबाइलवरचं कोणतं ॲप घ्यावं, समजून घ्या

जालना : ग्रामसभेत आराखडा भराभर वाचला जातो. मागं बसलेल्याला काही ऐकू येत नाही, आया-बाया आपसात विचारतात, "काय म्हणले?" आणि हजेरीच्या वहीत सही करून मंडळी उठतात. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तेवढे लोक हजर असले की गणपूर्ती होते. पण वर्षाचा पैसा नाल्यावर खर्च होणार की गट्टू बसवण्यावर, हे त्याच सभेत ठरतं. न कळता हात वर केला तर वर्षभर बोलायला जागा राहत नाही.

म्हणून आता काही तरुण सरपंच, बचत गट, शेतकरी गट मोबाइलवरच प्रेझेंटेशन तयार करायला लागलेत. प्रश्न एकच पडतो, कोणतं ॲप घ्यावं?

आधी काय दाखवायचं ते ठरवा

आपल्या तालुक्यातलं कडवंची गाव बघा. १९९६ नंतर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं तिथं माथा ते पायथा कामं झाली. आज लांबलांबचे शेतकरी तिथली शेततळी आणि द्राक्षबागा बघायला येतात. डोळ्यांनी बघितलं की माणसाला लवकर पटतं. सगळ्या गावाला गाडी करून नेता येत नाही, पण आपल्याच नाल्याचे उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले दोन फोटो शेजारी शेजारी लावता येतात.

आकडाही असाच दाखवा. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. गावाचं क्षेत्र १ हजार हेक्टर असेल तर तेवढ्याच पावसात १ कोटी लिटर पाणी पडतं, म्हणजे १० हजार लिटरचे १ हजार टँकर. एका स्लाइडवर टँकरचं चित्र आणि हा हिशोब टाका. "सिंचन क्षमता" या शब्दापेक्षा टँकर लवकर समजतो.

कोणतं ॲप कशाला बरं?

गुगल स्लाइड्स : जीमेल खातं असलं की मोफत. चार जण आपापल्या मोबाइलवरून एकाच फाइलवर काम करू शकतात. ग्रामसेवक आकडे भरतील, तुम्ही फोटो टाका. फाइल ऑफलाइन ठेवता येते. सजावट मात्र साधी.

कॅनव्हा : तयार नमुने भरपूर, फोटो आणि चित्रं देखणी बसतात. बचत गटाच्या मालाची माहिती, महिला सभा, शाळेचा कार्यक्रम यासाठी चांगलं. मुकुटाची खूण असलेली चित्रं पैशाची असतात, ती घेऊ नका. काम करताना नेट चांगलं लागतं.

पॉवरपॉइंट : १९८७ पासूनचं जुनं सॉफ्टवेअर. मोबाइलवर आणि ब्राउझरमध्ये साधं काम मोफत होतं. कार्यालयातल्या संगणकावर बहुतेक हेच असतं, त्यामुळे पंचायत समितीत फाइल द्यायची असेल तर हे सोयीचं.

प्रेझी : नकाशात आत-आत शिरल्यासारखं दिसतं, बघायला भारी. पण नेट गेलं की अडचण. गावातल्या सभेसाठी यावर विसंबून राहू नका.

थोडक्यात, आकडे आणि अनेकांचं काम असेल तर गुगल स्लाइड्स, फोटो जास्त असतील तर कॅनव्हा, सरकारी कार्यालयात द्यायचं असेल तर पॉवरपॉइंट.

मराठी अक्षरं का बिघडतात?

संगणकवाल्याकडून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलं तर मोबाइलवर ते अगम्य खुणांसारखं दिसतं. युनिकोडमध्येच टाइप करा. मोबाइलचा मराठी कीबोर्ड युनिकोडच असतो. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत आणि लांबून वाचता येतात.

सभेच्या दिवशी हे सांभाळा

- एका स्लाइडवर एकच मुद्दा, चार ओळींच्या वर नको. अक्षराचा आकार ३० च्या खाली नको.
- दिवसा प्रोजेक्टरचं चित्र फिकं पडतं. शाळेची खोली घ्या, खिडक्या झाका. पांढऱ्यावर काळं अक्षर ठेवा.
- बरेच मोबाइल वायरनं प्रोजेक्टरला जोडले जात नाहीत. लॅपटॉपची सोय करा आणि आदल्या दिवशी जोडून बघा.
- फाइलची पीडीएफ काढून पेन ड्राइव्हमध्ये आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवा. लाइट गेली तर लोक हातातल्या मोबाइलवर बघतील.
- लाभार्थ्यांचे आधार नंबर, बँक खाते नंबर पडद्यावर कधीच दाखवू नका. लिंक पाठवताना फक्त बघण्याची परवानगी द्या, नाहीतर कोणीही आकडा बदलू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं, शेवटच्या स्लाइडवर कामाचं नाव, ठिकाण, अंदाजे खर्च आणि मुदत मोठ्या अक्षरात लिहा आणि तीच स्लाइड चर्चा संपेपर्यंत पडद्यावर राहू द्या. लोक तिच्याकडे बघूनच प्रश्न विचारतील. ठराव लिहिताना तेच आकडे वहीत उतरले का, हे सही करण्याआधी तपासा. पुढच्या ग्रामसभेत हीच स्लाइड पुन्हा लावली की काम किती झालं ते कोणालाही विचारता येतं.