सौरवाऱ्याचं माहेर

सूर्याभोवतीच्या तापलेल्या प्रभामंडलातून विद्युतभारित कण सतत बाहेर पडतात, हाच सौरवारा. तो ध्वनीहून वेगवान असला पाहिजे, असं युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणिताने मांडलं, तेव्हा परीक्षकांनी त्यांचा निबंध नाकारावा असं सुचवलं. संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना. म्हणून त्यांनी निबंध छापला. संपादकपदाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या ‘मरिनर-२’ने वाटेत हा वारा मोजला.

आज पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर ‘आदित्य-एल१’ यानावरचं, अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन प्रयोगशाळेने घडवलेलं ‘ॲस्पेक्स’ हे उपकरण त्याची नोंद घेतं. अशा उपकरणात कण दोन वक्र धातुपट्ट्यांमधल्या फटीतून जातात. पट्ट्यांवर विद्युतदाब असतो. त्या दाबाला साजेशी ऊर्जा असलेलेच कण वळण पार करतात, बाकीचे भिंतीवर आदळतात. दाब बदलत गेलं की कोणत्या ऊर्जेचे किती कण आले ते कळतं. प्रोटॉनची ऊर्जा ८३० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास भरली, तर वेग सेकंदाला ४०० किलोमीटर. हा संथ वारा. वेगवान वारा ७५०च्या घरात असतो.

वेग कळला, पण हा वारा सूर्याच्या कोणत्या भागातून निघाला? ४०० किलोमीटरच्या वेगाने पृथ्वीपर्यंत यायला त्याला चार दिवसांहून अधिक लागतात. पृथ्वीवरून पाहता सूर्य साधारण २७ दिवसांत एक फेरी घेतो, म्हणजे तेवढ्या वेळात उगमाची जागा जवळजवळ ५८ अंश सरकलेली असते. शेतातल्या फिरत्या तुषार-नोझलचं पाणी जसं वळसा घेत पडतं, तशी वाऱ्यासोबत ताणली जाणारी चुंबकीय रेषाही सर्पिल होते. वेगावरून हा वळसा उलटा मोजत जाता येतं. पण वाटेत वेगवान झोत संथ झोताला गाठतात, वेग बदलतो आणि हिशेब चुकतो.

इथे मदतीला येतो ऑक्सिजन, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. प्रभामंडलाच्या उष्णतेत ऑक्सिजनच्या अणूचे आठपैकी सहा किंवा सात इलेक्ट्रॉन निघून जातात. जागा जितकी तप्त, तितके सात गमावलेले अधिक. वारा सूर्यापासून थोडा दूर गेला की इतका विरळ होतो, की अणूला नवा इलेक्ट्रॉन भेटतच नाही. उगमापाशी ठरलेलं प्रमाण मग तसंच राहतं. वेग वाटेत बदलतो, हे बदलत नाही. लोह आणि मॅग्नेशियमही साक्ष देतात: संथ वाऱ्यात ही मूलद्रव्यं सूर्यपृष्ठाच्या तुलनेत बऱ्याचदा तिप्पट-चौपट भरतात, वेगवान वाऱ्यात जवळपास पृष्ठाइतकीच.

वेगवान वाऱ्याचं माहेर सापडलं आहे: कोरोनल होल, म्हणजे चुंबकीय रेषा अवकाशात मोकळ्या सुटलेले, तुलनेने थंड पट्टे. ‘पार्कर सोलर प्रोब’ यानाने तिथून येणाऱ्या वाऱ्याचे झोत जवळून टिपले; मोकळ्या रेषा शेजारच्या बंद रेषांशी तुटून-जुळताना सुटणारी ऊर्जा त्यांना ढकलते, असं २०२३ मध्ये मांडलं गेलं.

संथ वाऱ्याबद्दल मात्र वाद चालू आहे. काहींच्या मते तो सौरडागांभोवतीच्या सक्रिय प्रदेशांच्या कडेने निघतो, काहींच्या मते कोरोनल होलच्या सीमेवर बंद रेषा उघडल्या की सुटतो. हा वाद सोडवायला युरोपच्या ‘सोलर ऑर्बिटर’वर सूर्यपृष्ठ टिपणारे कॅमेरे आणि ऑक्सिजन-लोहाचे आयन मोजणारं उपकरण एकत्र आहे. ते यान सूर्यापासून सुमारे ४.२ कोटी किलोमीटरपर्यंत जातं. तिथे झोत अजून फारसे एकमेकांत मिसळलेले नसतात.