वजनकाटा जे सांगत नाही

‘गादी सरकली’ म्हटलं की सल्ला ठरलेला: वजन कमी करा. पण वजन किती यापेक्षा ते कशाचं आहे, हे मणक्यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

दोन मणक्यांमधल्या गादीला प्रौढ वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या हाडातून झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते, म्हणून झीज सहजी भरून येत नाही. पोटावर चरबी साठली की कमरेच्या खालच्या गाद्यांवरचा भार वाढतो. शिवाय चरबीतून दाह वाढवणारी रसायनं रक्तात मिसळतात. हाँगकाँगमध्ये २,५९९ जणांच्या एमआरआय तपासणीवर आधारलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जादा वजन आणि गाद्यांची झीज यांचा संबंध दिसला. अर्थात आनुवंशिकतेचाही वाटा मोठा असतो. सडपातळ माणसांनाही हा त्रास होतो.

भारतीयांत अंगाने बारीक, पण चरबी जास्त आणि स्नायू कमी, असं शरीर बरंच आढळतं. म्हणूनच उपाशी राहून वजन उतरवणं मला घातक वाटतं. त्यात पाठीला आधार देणारे स्नायूही झडतात. चालणं, पुरेशी प्रथिनं आणि पाठ-पोटाचे व्यायाम हवेतच. मात्र पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तातडीने रुग्णालय गाठा.