कर्वेनगरच्या पाटीवरचा क्लेसी

पुण्याच्या कर्वेनगरातल्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पाटीवरचं ‘कमिन्स’ हे नाव एका ड्रायव्हरचं आहे, हे कळलं तेव्हा मी हरखून गेलो.

क्लेसी कमिन्स, जन्म 1888, अमेरिकेतल्या इंडियानाचा शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षण जेमतेम आठवी. कोलंबस गावच्या अर्विन नावाच्या बँकरची मोटार तो चालवायचा, दुरुस्तही करायचा. त्याची हुशारी ओळखून अर्विनने पैसे घातले आणि 1919 मध्ये डिझेल इंजिनांची कमिन्स कंपनी निघाली. पण इंजिनं खपेनात. 1929 मध्ये शेअर बाजार कोसळल्यावर तर कंपनी बुडायला आली. तेव्हा क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवलं आणि नाताळच्या दिवशी मालकाला फेरी मारून आणली! पुढच्याच महिन्यात तीच गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली; इंधनाचा खर्च फक्त 1 डॉलर 38 सेंट.

1962 मध्ये किर्लोस्करांशी भागीदारी करून ही कंपनी कोथरूडला आली. महर्षी कर्व्यांनी 1900 मध्ये जिथे झोपडीत आपला विधवांचा आश्रम हलवला, त्या हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, त्यांच्याच संस्थेने 1991 मध्ये हे कॉलेज काढलं आणि त्याला कमिन्स कंपनीचं नाव मिळालं. आठवी शिकलेल्या माणसाच्या नावाच्या या कॉलेजातून आज मुली इंजिनिअर होऊन बाहेर पडतात.