महाराष्ट्रातील यवन

महाराष्ट्रातील यवन हे इसवी सनाच्या आगेमागे उत्तर कोकणातील बंदरांत आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वावरणारे, कोरीव लेखांत स्वतःची ओळख ‘यवन’ अशी नोंदवणारे लोक होत. कार्ले, जुन्नर आणि नाशिक येथील बौद्ध लेण्यांत त्यांनी दिलेल्या दानांचे ब्राह्मी लिपीतील लेख आढळतात. ‘यवन’ या शब्दाचा मूळ अर्थ ग्रीक असा आहे. तथापि या दात्यांची नावे बहुतांशी भारतीय आहेत, लेखांची भाषा प्राकृत आहे आणि दाने बौद्ध संघाला दिलेली आहेत. त्यामुळे हे लोक वंशाने ग्रीक होते, ग्रीक वसाहतींतून आलेले भारतीय होते, की पश्चिमेकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांना मिळालेले ते सर्वसामान्य नाव होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

‘यवन’ शब्दाचा प्रवास

आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरील ग्रीक वस्तीच्या प्रदेशाला आयोनिया म्हणत. इराणच्या हखामनी सम्राटांचा ग्रीकांशी पहिला निकटचा संबंध याच प्रदेशात आला आणि त्यांच्या शिलालेखांत सर्वच ग्रीकांना ‘यौन’ हे नाव पडले. भारतात त्याची संस्कृत व प्राकृत रूपे ‘यवन’, ‘योन’ आणि ‘योनक’ अशी झाली. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘यवनानी’ हे रूप येते आणि कात्यायनाने त्याचा अर्थ यवनांची लिपी असा दिला आहे. अरबी-फारसीत त्याच मुळापासून ‘युनान’ झाले, म्हणून ‘युनानी’ वैद्यक हे नावापुरते तरी ग्रीक वैद्यकच होय.

मराठी वाचकाला हा शब्द परिचित आहे तो मात्र वेगळ्या अर्थाने. मध्ययुगात वायव्येकडून येणाऱ्या कोणत्याही परकीयास तो लावला जाऊ लागला, आणि बखरींच्या काळापर्यंत त्याचा अर्थ मुसलमान असा रूढ झाला. लेण्यांतील लेख वाचताना हा उत्तरकालीन अर्थ पूर्णपणे बाजूस ठेवावा लागतो. हे लेख इस्लामच्या उदयापूर्वी कित्येक शतके कोरलेले आहेत.

अपरांतातील योन भिक्षू

उत्तर कोकणाचे प्राचीन नाव अपरांत. आजचे पनवेल, ठाणे, कल्याण आणि वसई-सोपारा हा पट्टा त्यात मोडतो. श्रीलंकेतील ‘महावंस’ या पाली ग्रंथानुसार, सम्राट अशोकाच्या काळात पाटलिपुत्र येथे भरलेल्या तिसऱ्या धर्मसंगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स याने निरनिराळ्या प्रदेशांत धर्मोपदेशक पाठवले. अपरांतासाठी निवडलेल्या भिक्षूचे नाव होते योन धम्मरक्खित. या परंपरेनुसार कोकणात बौद्ध धर्माचा उपदेश करणारा पहिला ज्ञात भिक्षू यवन ठरतो. महावंसाची रचना या घटनेनंतर अनेक शतकांनी झालेली असल्याने तिला समकालीन पुरावा म्हणता येत नाही. मात्र अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सोपारा येथे मिळाले आहेत. त्यांपैकी पहिला भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सापडला, आणि त्यामुळे अशोकाच्या प्रशासनाचा व धर्मलिपींचा या किनाऱ्याशी असलेला संबंध निश्चित झाला.

बंदरे आणि घाटवाटा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस’ हे नौकानयनाचे माहितीपुस्तक लिहिले. लेखकाचे नाव ज्ञात नाही. त्यात बारिगाझा म्हणजे भडोच, सुप्पारा म्हणजे सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण आणि सेमिल्ला म्हणजे चौल या बंदरांची नोंद आहे. देशावरील पैठण भडोचपासून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर आणि तगर म्हणजे तेर तेथून पूर्वेस सुमारे १० दिवसांच्या वाटेवर असल्याचे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तेरहून कापड गाड्यांतून, वाट नसलेल्या अवघड मुलखातून भडोचला जात असे. येणाऱ्या मालात मद्य होते, आणि त्यातही इटलीच्या मद्याला अधिक पसंती होती. राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी मुले आणली जात.

कल्याणविषयीची नोंद सर्वांत बोलकी आहे. थोरल्या सरगनसच्या काळात हे अधिकृत व्यापारी बंदर होते. पुढे ते संदनेसच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापाराची कोंडी झाली, आणि चुकून त्या बाजूला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन व क्षत्रप यांच्यातील संघर्षाचा हा पडसाद मानला जातो. ठाणे खाडीच्या तोंडाशी चाललेल्या या नाकेबंदीची बातमी आज आपल्याला इजिप्तमधील एका खलाशाच्या तोंडून मिळते.

किनाऱ्यावरून देशावर चढण्याच्या मुख्य वाटा नाणेघाट आणि बोरघाट. नाणेघाट कल्याणच्या बाजूने जुन्नरकडे जातो. मुंबई बंदराच्या पूर्वेकडील खाड्यांतून वर येणारी वाट पनवेल परिसरातून खोपोलीकडे व बोरघाटाने लोणावळ्याकडे चढते. आजचा मुंबई-पुणे महामार्ग व लोहमार्ग स्थूलमानाने याच दिशेने जातात. पनवेल खाडी जेथे बंदरात उघडते त्याच्या समोर असलेल्या घारापुरी बेटावर भूमध्य समुद्राकडील दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. घाट चढून गेल्यावर पहिली मोठी लेणी लागतात ती कार्ले आणि भाजे येथील.

कार्ले

कार्ल्याचे प्राचीन नाव वलूरक. येथील चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण करविल्याचा लेख दर्शनी भागात आहे. आतील ३७ स्तंभांपैकी अनेकांवर ते देणाऱ्यांची नावे कोरलेली असून त्यांत किमान पाच यवन आहेत. एमिल सेनार यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी आणि मधो सरूप वत्स यांनी १९२० च्या दशकात हे लेख प्रसिद्ध केले. सिहधय, धमधय, यसवधन, चुलयख ही त्यांतील यवनांची नावे आहेत. संस्कृतात त्यांची रूपे अनुक्रमे सिंहध्वज, धर्मध्वज, यशोवर्धन आणि चुल्लयक्ष अशी होतात. ‘यवन’ हा शब्द कोरलेला नसता, तर या दात्यांना परदेशी म्हणण्याचे धाडस कोणीही केले नसते.

बहुतेक यवन धेनुकाकट या गावचे आहेत. या गावाचे स्थान अनिश्चित आहे. काहींनी ते डहाणू मानले, तर काहींनी आंध्रातील धरणीकोट. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्याच परिसरात शोधले. शेलारवाडी आणि कान्हेरी येथील लेखांतही याच गावचे लोक येत असल्याने, ते पश्चिम महाराष्ट्रातील व्यापारी ठाणे असावे हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

याच धेनुकाकटचा आणखी एक दाता कार्ल्याच्या लेखांत आहे. तो व्यवसायाने वैद्य असून त्याचे नाव मिलिंद आहे. मिलिंद हे इंडो-ग्रीक राजा मिनँडर याच्या नावाचे पाली रूप. ज्याचे नाव उघड ग्रीक आहे त्याने स्वतःस यवन म्हटलेले नाही, आणि ज्यांनी यवन म्हटले आहे त्यांच्यापैकी एकाचेही नाव स्पष्टपणे ग्रीक नाही. ज्यांना ‘यवन’ या शब्दातून थेट वंश सिद्ध करावयाचा आहे त्यांच्यासमोर हा एक लेख मोठीच अडचण उभी करतो.

जुन्नर

जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांचे लेख आहेत. इरिल याने पाण्याची दोन टाकी, चित याने भिक्षूंसाठी भोजनमंडप आणि चंद याने लेण्याचा दर्शनी भाग दिला. इरिल व चित या दोघांच्या नावांपुढे ‘गतानं’ असे पद येते. त्यावरून हे युरोपातील गॉथ असावेत असा तर्क स्टेन कोनो यांनी केला होता, परंतु तो आता सहसा स्वीकारला जात नाही. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र हे पद लक्षणीय आहे. ‘यवनस’ हे एकवचन आणि पुढील नाव बहुवचनी षष्ठीत, अशी रचना कार्ल्यातही पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे सिहधय, यसवधन ही व्यक्तींची नावे नसून कुळांची किंवा व्यापारी गटांची नावे असावीत, असाही अर्थ लावता येतो.

नाशिक : एकाच डोंगरावरील दोन लेख

नाशिकच्या पांडवलेण्यांतील १७ क्रमांकाचे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने खोदविले. तो धर्मदेवाचा पुत्र, उत्तरेकडील दात्तामित्री नगरीचा रहिवासी. दात्तामित्री हे बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा डिमिट्रियस याच्या नावाने वसविलेल्या नगराचे भारतीय रूप मानले जाते. लेण्यासह चैत्यगृह आणि पाण्याची टाकी त्याने आईवडिलांच्या पुण्यार्थ दिली व त्या दानात पुत्र धम्मरक्खित यालाही सहभागी करून घेतले. स्वतःचे नाव इंद्र आणि अग्नी या वैदिक देवतांवरून, पुत्राचे नाव बौद्ध, जन्मगाव ग्रीक राजाच्या नावाचे, आणि दान सातवाहनांच्या मुलखात. एवढे सारे एका दानलेखात क्वचितच एकत्र येते.

याच त्रिरश्मी डोंगरावर, थोड्याच अंतरावरील ३ क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील या लेखात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा शक, यवन व पल्हव यांचा संहारक म्हणून गौरव केला आहे. राजप्रशस्तीत यवन शत्रू आहे आणि हाकेच्या अंतरावर दुसरा यवन भिक्षूंच्या निवाऱ्याची सोय करतो आहे. प्रशस्तीतील यवन हे राजकीय प्रतिस्पर्धी आणि दानलेखांतील यवन हे प्रजाजन वा व्यापारी, असा भेद केल्यास यात विसंगती उरत नाही.

नाण्यांची साक्षही अशीच गुंतागुंतीची आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळील जोगळटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपान याची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या मूळ नाण्यांवर ब्राह्मी व खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरेही आहेत, परंतु त्या अक्षरांत लिहिलेले शब्द प्राकृत आहेत. ग्रीक भाषा मागे पडून लिपी तेवढी प्रतिष्ठेची खूण म्हणून उरली होती. पेरिप्लसकारानेही भडोचच्या बाजारात मिनँडर व अपोलोडोटस यांची, ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अद्याप चालत असल्याची नोंद केली आहे.

हे लोक ग्रीक होते का?

डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांनी १९३८ मधील आपल्या ग्रंथात, लेण्यांतील यवन हे ग्रीक पद्धतीच्या नगरांचे नागरिकत्व असलेले भारतीय होते, असे मत मांडले. हिमांशु प्रभा राय यांच्यासारख्या अलीकडील अभ्यासकांनी त्यांचा विचार समुद्री व्यापार आणि बौद्ध विहारांचे जाळे यांच्या संदर्भात केला आहे. लेख स्वतः वंशाविषयी मौन पाळतात. त्यांत गाव, क्वचित पिता, आणि दानाचा तपशील येतो. गंधिक, सुतार, वणिक, भिक्षुणी या इतर दात्यांच्या नावांपुढे जसा व्यवसाय किंवा दर्जा येतो, त्याच जागी यांच्या नावामागे ‘यवन’ हा शब्द येतो. ती ओळख लपविण्याची गरज त्यांना भासली नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

पुरावशेष

कोल्हापूर येथे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर कांस्यवस्तूंचा साठा मिळाला. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहान मूर्ती होती. डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये येथे उत्खनन केले. समुद्रापासून इतक्या दूर, घाटावर आलेला हा समुद्रदेव आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. उलट दिशेचा पुरावा इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके या ग्रीक नावाच्या बंदरात मिळतो. तेथील इसिस देवीच्या मंदिराच्या परिसरात सापडलेली बुद्धमूर्ती भूमध्य प्रदेशातील संगमरवराची आहे. त्याच उत्खननात एक संस्कृत लेख आणि सातवाहनांची दोन नाणी मिळाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले.

मराठीतील ग्रीक मुळाचे शब्द

ग्रीक भाषेतून काही शब्द संस्कृतमार्गे मराठीत आले. ‘केंद्र’ आणि ‘होरा’ हे शब्द ज्योतिषातून आले. ‘द्राख्मे’ या नाण्यापासून ‘द्रम्म’ झाला, जो उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत येतो, आणि त्याचाच पुढे ‘दाम’ झाला. ‘सुरुंग’ हा ‘सिरिंक्स’ म्हणजे नळी या शब्दापासून आल्याचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. पडद्यासाठीचा ‘यवनिका’ मात्र यात धरू नये, कारण त्याचे ‘जवनिका’ हे रूपही आढळते व व्युत्पत्ती वादग्रस्त आहे.

दुसरी वाट अरबी-फारसीची. ‘कलम’, ‘अफू’ आणि ‘नामुष्की’ हे शब्द तिने आले. शेवटच्या शब्दाच्या मुळाशी ‘नोमोस’ म्हणजे कायदा हा शब्द आहे. तो अरबी-फारसीत ‘नामूस’ म्हणजे अब्रू झाला आणि मराठीत आल्यावर अब्रू जाणे या अर्थाने स्थिरावला.

विशेषनामांत ‘मिलिंद’ हे नाव आज महाराष्ट्रात सर्रास आढळते. संस्कृतात त्याचा अर्थ भुंगा असाही होतो, परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील महाविद्यालयाला दिलेले ‘मिलिंद’ हे नाव ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या यवन राजाचे आहे.