प्रयोगशाळांच्या परीक्षेपूर्वीची रंगीत तालीम

गावातील विहिरीचे पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. नितळ पाण्यातही नायट्रेट मर्यादेबाहेर असू शकते, आणि ते तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती क्षीण करते. म्हणून आपण पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवितो व तिच्या अहवालावर विसंबतो. परंतु तो अहवाल बरोबर आहे, हे कोणी पाहावयाचे?

यासाठी प्रावीण्य चाचणी घेतली जाते. एकाच पाण्याच्या बाटल्या अनेक प्रयोगशाळांना पाठवून प्रत्येकीने कळविलेले आकडे परस्परांशी ताडून पाहतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांची अशी पाहणी बेल्क व संडरमन या डॉक्टरांनी १९४७ साली प्रसिद्ध केली, तेव्हा एकाच नमुन्याच्या उत्तरांत मोठी तफावत आढळून आली. पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली.

तथापि नवी चाचणी योजना एकदम सर्वत्र लागू करणे हितावह नसते. प्रश्नपत्रिकाच सदोष असेल तर हुशार विद्यार्थीही नापास होतो, हे शिक्षकबंधुभगिनींना सांगावयास नको. म्हणून प्रथम मोजक्या प्रयोगशाळा घेऊन पथदर्शी अभ्यास करतात. त्यात परीक्षा होते ती प्रयोगशाळांची नव्हे, तर योजनेची.

पहिली कसोटी समानतेची. पहिल्या व शेवटच्या बाटलीतील पाणी सारखेच आहे ना, हे पाहण्यासाठी काही बाटल्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून प्रत्येकीतील पाणी दोनदा तपासतात. दुसरी कसोटी टिकाऊपणाची. सूक्ष्मजंतूंमुळे नायट्रेटचे प्रमाण वाटेतच बदलू शकते. म्हणून काही बाटल्या राखून ठेवून मुदतीच्या अखेरीस पुन्हा तपासतात. तिसरी कसोटी खऱ्या उत्तराची. प्रयोगशाळा थोड्या असतील तर एखादा चुकीचा आकडाही सरासरी बिघडवितो. अशा वेळी शुद्ध पाण्यात मोजून मिसळलेले प्रमाण हेच प्रमाणभूत धरणे अधिक भरवशाचे.

चौथी कसोटी सूचनापत्रकाची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित. आयएस १०५०० (२०१२) या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. परंतु काही प्रयोगशाळा संपूर्ण नायट्रेट न लिहिता त्यातील केवळ नायट्रोजनचे प्रमाण कळवितात; तेव्हा ४५ च्या जागी सुमारे १० हा आकडा येतो. दोन्ही उत्तरे बरोबर, तरी तक्त्यात एक साफ चुकीचे दिसेल. आकडा कोणत्या रूपात हवा, हे पत्रकात न लिहिणे हा दोष योजनेचा; तो पथदर्शी अभ्यासातच उघडकीस यावा.

हा केवळ कागदी घोळ नव्हे. नायट्रोजन म्हणून लिहिलेला २० हा आकडा कोणी नायट्रेट म्हणून वाचला, तर विहीर निर्धोक ठरेल. प्रत्यक्षात तिच्यात नायट्रेट सुमारे ८९, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट असेल.

म्हणून अधिकाऱ्यांनी पथदर्शी टप्प्यातील आकड्यांवरून कोणत्याही प्रयोगशाळेस दोषी धरू नये; तसे झाल्यास अडचणी मोकळेपणाने कळविण्यास कोणी धजणार नाही. ग्रामस्थांनीही पाण्याचा अहवाल हाती येताच नुसता आकडा पाहून समाधान मानू नये. तो नायट्रेटचा की नायट्रोजनचा, हे अवश्य विचारावे. त्या एका प्रश्नावर घरातील तान्ह्या बाळाचे आरोग्य अवलंबून असू शकते.